भोंगा ठेव, पाटी घे

अन्याय झाला तो सुगंधाबाईवर. तालुका शहापूर, आसनगाव स्टेशनाहून टमटमने बरंच आत गेलं की लागतं ते गाव. केव्हा झाला? मुरबाडजवळच्या म्हशाची जत्रा करून, नवी घोंगडी डोक्यावर घेऊन ती गावात परतली त्याच दिवशी, उन्हं कलायच्या वेळेला. तिच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, जिथे जत्रेला निघताना नुसती करवंदीची जाळी होती, तिथे लोखंडी गेट उभं होतं. काळं कुळकुळीत, वर सोनेरी भाल्यांची टोकं, मधोमध कुलूप. गेटामागे मुंबईच्या शेठचा नवा बंगला, बंगल्यामागे ओढा आणि ओढ्यापलीकडे सुगंधाबाईचं भाताचं खाचर.

माझ्या धंद्यात सुरुवात अशीच करायची असते. आधी नाव, मग वेळ, मग अन्याय. शेवटी मागणी. मध्ये जे उरतं त्याला आम्ही 'आशय' म्हणतो आणि तो बहुतेक वेळा मागच्या पत्रकातून उचललेला असतो.

दिवाळी अंकात अनुभव लिहितात ती निवृत्त माणसं. पोस्टमास्तर, रेल्वेचे गार्ड, सरकारी डॉक्टर. माझी अजून तिशी यायची आहे. माझ्यात निवृत्त झालेला एकच अवयव आहे, घसा. ही त्याचीच हकिगत समजा.

मी एका छोट्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. माझं काम काय ते बाहेरच्यांना नीट कळत नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. कोणाचं रेशन बंद झालं, कोणाची जमीन बळकावली, कोणाची वाट अडवली की माणसं आमच्याकडे येतात. मी ऐकते, पत्रक लिहिते, अर्ज लिहिते, कचेरीतल्या बाकावर बसते, उठते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. मधून मधून हातात भोंगा घेऊन घोषणा देते. माझी आई मुरबाडकडे, वैशाखऱ्याजवळच्या आमच्या गावात सांगते, "पोरगी शहापूरला ऑफिसात हाय." ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली. आमच्या सगळ्या पत्रकांवर पिठाचा पातळ थर असतो. क्रांतीला आम्ही पीठ लावूनच पाठवतो.

सुगंधाबाईचं पत्रक मी एका दमात लिहिलं. 'धनदांडग्यांच्या पोलादी टाचेखाली एका अबला, अशिक्षित, निराधार शेतकरी भगिनीचा आक्रोश!' उद्गारचिन्हं तीन होती. छापखानेवाल्याने दोन काढली. ते घेऊन मी तिच्या ओटीवर गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभी राहून, हातवारे करून वाचून दाखवलं. तिने सुपातून मान वर केली.

"ही कोन गो?"

"काकू, तुम्हीच."

"मी रडली कवा?"

"आक्रोश म्हणजे रडणं नाही, अन्यायाविरुद्ध..."

"मी रडली नाय. मी शिव्या दिल्या. शेठच्या गाडीच्या काचेवर हात मारून दिल्या. त्या टाक की."

"पत्रकात शिव्या चालत नाहीत, काकू."

"आन् निराधार चालते? माझा नवरा जिता हाय. रोज लोकलनं कल्याणला कंपनीत जातो. टाइम नाय त्याला, पन जिता हाय."

मी तिला समजावलं. अन्याय झालेली बाई जरा दुबळी दिसली की लोकांना कळवळा येतो, कळवळा आला की लोक रस्त्यावर येतात. हे मला शिबिरात शिकवलेलं. ती म्हणाली, "येऊ दे मंग." पत्रक तसंच्या तसं आसनगावपर्यंत वाटलं. कळवळा आला नाही. वडापाव मात्र पुष्कळ बांधले गेले त्यात.

आता यात घाई कसली होती, ते सांगायला हवं. आमच्याकडे भात पेरायच्या आधी राब भाजतात. ज्या तुकड्यात रोप करायचं तिथे शेण, टहाळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, सुका पातेरा आणि वर माती असे थर घालायचे आणि उन्हाळ्यात ते पेटवायचे. तण मरतं, जमीन तापते, रोप तरारून येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. आणि राब भाजायचा तो शेतातच, त्यामुळे शेण-टहाळ डोक्यावरून तिथवर न्यावं लागतं. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून होती. शेणाने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन त्या वाटेने एकदा जाऊन बघा, मग बोला. (राब भाजणं कसं वाईट, यावरही मी पूर्वी एक पत्रक काढलं होतं. ते काकूच्या गावापर्यंत पोहोचलं नव्हतं. आमचं वितरण कच्चं असण्याचे असे फायदे असतात.)

कायदा आमच्या बाजूला होता. शेताकडे जाणारी वाट पिढ्यानपिढ्या वापरात असेल तर ती वहिवाट. ती अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. मी अर्ज केला, तारीख मिळाली. कायद्याची चाल बैलाची होती आणि उन्हाळा मोटरसायकलवर होता, एवढीच अडचण.

तोवर मी काकूला बजावून ठेवलं, "तुम्ही काही करायचं नाही. कायदा हातात घ्यायचा नाही. मी बघते."

"मी बघते." हे माझं आवडतं वाक्य. कुठल्याही गावात गेले की शेवटी मी हे म्हणते, आणि समोरच्यांचे खांदे सैल पडतात. ते सैल पडलेले खांदे बघून मला वाटायचं, केवढा आधार दिला आपण! आठवड्याभरात साऱ्या गावात झालं, "ताई बघतेय." काकू गेटाकडे जायची बंद झाली. तिने शेठला शिव्या द्यायचंही बंद केलं. ताई बघतेय म्हटल्यावर शिव्या कशाला वाया घालवायच्या? मी मात्र सुखात होते. माझ्या आईच्या वयाच्या बाया मला ताई म्हणत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मग मी शिबिर घेतलं. विषय, 'आपली ताकद ओळखा'. हसू नका, बॅनर केला होता. समाजमंदिरात बाया जमल्या, मी भिंतीला मोठा कागद लावला, जाड स्केचपेन घेतलं आणि विचारलं, "सांगा, तुमच्यात काय ताकद आहे?"

यमुनामावशी पुढेच बसली होती. ही काकूची शेजारीण. "मी भाताची गोण एकटी उचलते."

"ती नाही मावशी. निर्णयाची ताकद."

"गोण कवा उचलायची त्याचा निर्नय मीच घेते."

बाया खिदळल्या. मी कागदावर स्वतःच 'आत्मविश्वास' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. तेवढ्यात सुगंधाकाकू मागून म्हणाली, "ताई, पैलं तुझी सांग ना. तुझी काय ताकद हाय?"

"माझी? मी अन्यायाविरुद्ध आवाज उठवते."

"घरी पन?"

मी चहाची सुट्टी जाहीर केली.

घरी काय, ते लपवण्यात अर्थ नाही. काकूला टमटममध्ये मी एकदा सांगून बसले होते. वडील गेल्यापासून आमची जमीन सामायिक आहे, सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव. घाटरस्त्याला लागून असल्यामुळे एका बाहेरच्या पार्टीला ती फार्महाऊससाठी हवी आहे. दादाला विकायची आहे, मला नाही. माझी सही लागणार. दिवाळीपासून तो मला बोलावत होता आणि दिवाळीपासून माझी मीटिंग होती. शहापुरात मी शेठ लोकांना 'खबरदार' म्हणत होते आणि दादाचं नाव मोबाइलवर दिसलं की मोबाइल उशीखाली सारत होते.

शिबिरानंतर मोर्चा. आमच्यात तसा क्रमच असतो. गेटावर धडक द्यायची, सकाळची वेळ, सगळ्या बाया येतो म्हणाल्या. आले कोण? मी, सुगंधाकाकू आणि रात्रीची अजून उतरली नव्हती असा एक इसम, जो शेवटपर्यंत ही वरात समजत होता. बाया घराघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांच्यावर मनातल्या मनात जळजळीत पत्रक लिहिलं. विचारायचं मात्र सुचलं नाही. कारण साधं होतं. निम्म्या घरांतल्या बाया बंगल्यावर झाडलोट, भांडी, बागकाम करत होत्या. गेटावरचा वॉचमन किसन हा यमुनामावशीचा मुलगा. मोर्चात दिसली तर पोराची नोकरी गेली. मी बस धरून खोलीवर जाणार. तिला तिथेच राहायचं होतं.

त्यात भोंग्याचे सेल संपले. मी तशाच घोषणा दिल्या. "सुगंधाबाई, आगे बढो!" असं मी ओरडले की सुगंधाबाई स्वतःच "हम तुम्हारे साथ हैं" म्हणायची, कारण दुसरं कोणी नव्हतं. शेवटी किसनच तांब्या घेऊन बाहेर आला. "ताई, पानी प्या. घसा फाटंल."

फाटलाच. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. संघटनेतल्या सहकाऱ्यांनी या बातमीवर जे तोंड केलं ते मी विसरलेले नाही.

तशातच काकू गिरणीवरच्या खोलीत मला बघायला आली. खडीसाखर आणली होती. बसली, आणि म्हणाली, "राबाचे दिस चालले गो. काय करायचं?"

मी तोंड उघडलं. हवा. मग एका जुन्या पत्रकामागे लिहिलं, 'तारखेची वाट बघू.' तिने कागद लांब धरला, जवळ धरला. "चष्मा घरी हाय," म्हणाली, आणि चहाचा ग्लास त्यावर ठेवला.

खाली गिरणी घरघरत होती. उत्तर मिळेना म्हणून ती स्वतःशीच बोलायला लागली.

"बाया मोर्चाला येत नाय. यमुना कशी येल? तिचा किसन हाय तिथं. बरोबरच हाय तिचं. मोर्चा म्हंजे भांडान... पन यमुनाच्या राबाला मी गेली. तिचा पाय मोडला तवा तिची लावनी आमीच केली. मंजुळाच्या कापनीला गेली. सगळ्यांच्या गेली." तिने बोटं मोजून पाहिली. "सावडीला बोलवलं तर नाय म्हनतील का गो?"

शहरातल्या वाचकांसाठी: सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, लिखापढी नाही. कोण कोणाकडे येणं लागतं ते सगळ्या गावाला पाठ असतं. मोर्चाला नाही म्हणता येतं, लग्नालाही एखादी सबब चालते. सावडीला नाही म्हणणाऱ्या घराकडे पुढच्या लावणीला कोणी फिरकत नाही.

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आततायीपणा नको, संघटनेची शिस्त आहे, हे सगळं मला त्या दोन हातांनी सांगायचं होतं. काकूने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"नाय म्हनतेस ना? बरं. आज तुझं काय ऐकू येत नाय माला."

आणि उठून गेली. इतक्या वर्षांतलं माझं सर्वात परिणामकारक मार्गदर्शन हे असं झालं.

काकूचा निरोप आला त्या दिवशी मी गावात पोहोचले. भोंगा बरोबर होता. नवे सेल घातले होते. आवाज नव्हता, पण भोंगा होता, सवय वाईट. काकूच्या अंगणात बाया जमलेल्या. मोर्चाच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या त्याच. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शेणाची पाटी, कोणाच्या डोक्यावर टहाळाचा भारा. यमुनामावशीही होती. मी नेहमीप्रमाणे रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"ताई, हितं काय करतेस?" काकू म्हणाली. "भोंगा ठेव, पाटी घे. सावडीला रिकाम्या हातानं येत नाय कोन. आन् मागं जा."

मला अर्धी पाटी दिली. अर्धीच, पाहुणी म्हणून. शेण ताजं होतं. गेटापर्यंत पोहोचेस्तोवर ते माझ्या कानामागून मानेवर उतरलं होतं. मी शेवटून दुसरी होते आणि दोन्ही हातांनी पाटी सावरत होते, त्यामुळे मूठ वळायचीही सोय नव्हती.

गेटावर किसन. "काकू, शेठनं सांगितलंय कोनाला सोडायचं नाय."

काकू काही बोलायच्या आत मागून यमुनामावशीचा आवाज आला. "किसन्या, खोल गेट. मान मोडली माझी."

"आये? तू मोर्चाला?"

"कसला मोर्चा रे? सावडीला आलीय. सुगंधाचा राब हाय."

"शेठ माला काय म्हनंल?"

"त्याला सांग सावड हाय. नायतर इचार त्याला, पाट्या हितंच उतरवू का?"

किसनने खाली बघितलं. गेटापासून बंगल्यापर्यंत पांढऱ्या चकचकीत फरशा होत्या. मग त्याने आईकडे बघितलं. आणि कुलूप काढलं.

आम्ही आत शिरलो. फरशांवरून, हिरवळीच्या कडेने, ओळीने. शेठ हाफपँटमध्ये चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आले. "ये सब क्या है? लीडर कौन है?"

"राब हाय शेठ," काकू चालता चालता म्हणाली. "सरंपत्तूर रोज येनार."

शेठची नजर रांगेवरून फिरत होती. त्यांना पुढारी हवा होता. पुढाऱ्याला बाजूला घेता येतं, चहा पाजता येतो, पोलिसांचं नाव सांगता येतं. यापूर्वी वाटेबद्दल बोलायला गेले तेव्हा त्यांनी दोनदा मला खुर्ची दिली होती आणि मी दोन्ही वेळा ताठ मानेने तिच्यावर बसले होते. या वेळी त्यांची नजर माझ्यावरून तशीच पुढे गेली. शेणाखाली त्यांनी मला ओळखलंच नाही. बोलायला कोणी सापडेना, वासही सुटला होता, तेव्हा ते आत गेले आणि काच ओढून घेतली.

राब पुरा होईपर्यंत रोज रांग गेली. किसनची नोकरी शाबूत राहिली. सगळ्या कामवाल्या रांगेतच असताना शेठ काढणार कोणाकोणाला? राब भाजला त्या दिवशीचा धूर बंगल्यावरून गेला. गेट अजून आहे, कुलूप नाही. माझ्या अर्जाची तारीखही अजून आहे आणि मी तिला जाणार आहे, कारण पुढचा शेठ येईल तेव्हा कागद लागेल. पण त्या वर्षीचं रोप अर्जातून उगवलं नाही, हे माझ्या पत्रकात मला लिहावं लागलं. ते पत्रक छोटं झालं. 'अबला' शब्द काढला की जागा बरीच वाचते.

खरी पंचाईत पुढे झाली. राब संपल्यावर काकू म्हणाली, "ताई, तुझी पाटी माझ्यावर हाय. कवा फेडू?"

"अर्धीच होती काकू. आणि मला कुठे शेत आहे?" आवाज परत आला होता.

"हाय की. वैशाखऱ्याला."

मला मीटिंग आठवेना.

आम्ही एसटीने मुरबाडला गेलो, तिथून आमच्या गावी. दादा ओटीवरच होता. दादा वाईट माणूस नाही. असलं वाक्य मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही, इथे लिहिते. भातात काही उरत नाही, पोरांना शिकवायचंय, हे तो म्हणतो ते खरंच आहे. मी वाट बघत होते, काकू कधी सुरू करते. शेठच्या गाडीची काच हादरवणारी बाई बरोबर असताना मी कशाला घाबरू? काकू पायरीवर बसली आणि अंगणातल्या कोंबड्या बघू लागली. चहा झाला. तिने कपही विसळला. बोलेना. मी खोकले. ती कोंबड्याच बघत होती.

"दादा, मी सही नाय करणार."

"काय?"

"सही. नाय करणार."

"जोरात बोल की. तिकडं शहापूरला बोंबलतेस तवा बरा आवाज फुटतो."

"नाय करणार! माझं नाव हाय त्यावर, माला विकायची नाय!"

कोंबड्या उडाल्या. हा आवाज दादाने घरात कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. तो उठला आणि शेताकडे निघून गेला. आई आतून आली, तिने काकूला विचारलं, "तुमी कोन वो?"

"मी सावडीला आली."

आईने आत जाऊन पीठ काढलं आणि आमच्यासाठी भाकरी थापायला बसली.

परतताना मी काकूवर चिडले. "एक शब्द बोलला नाहीत तुम्ही!"

"पाटी तुझी होती," काकू म्हणाली. "मी मागं होती की."

दादा अजून बोलत नाही. जमीन आहे, भाऊ नाही, असा हिशेब झालाय सध्या. यंदा भाऊबीजेला मी जाणार आहे. तो पाटावर बसेल की नाही, ठाऊक नाही. माझी ताकद माझ्या हातात आली तेव्हा ती अशी जड निघाली. शिबिराच्या कागदावर लिहिताना तिला वजन नव्हतं.

आता मागणी. तुमचं गेट कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, मला सांगू नका. मला फोन करू नका, केलात तर मी "मी बघते" म्हणेन; खोड अजून पुरती गेलेली नाही. हा अंक मिटा. ज्यांच्या ज्यांच्या सावडीला तुम्ही गेलात त्यांना हाक मारा. कोणाच्याच गेला नसाल तर उद्या सकाळी शेजारच्याकडे जा, रिकाम्या हातांनी नको. आणि गेटाशी पोहोचलात की मागे वळून ताईला शोधू नका. ती शेवटून दुसरी आहे, पाटीखाली. तुमचं वाक्य तुम्ही बोला. जोरात.